खोटा दरवाजा, छोटा दरवाजा

माझा मामा किल्ल्यावर राखणदार आहे, पण सगळे त्याला किल्लेदार म्हणतात. थट्टेनं म्हणतात हे त्यालाही कळतं, तरी हाक आली की तो जरा ताठ होतो. बत्तीस वर्षांपूर्वी या किल्ल्यावर एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. जुन्या काळातल्या एका वेंधळ्या राजाची विनोदी गोष्ट. राजाचा मुकुट हरवतो आणि मुकुटावाचून त्याचे पहारेकरीही त्याला ओळखत नाहीत. शूटिंग तीन महिन्यांत संपलं. मामा मात्र त्यातून अजून पुरता बाहेर आलेला नाही.

सकाळी धुकं असलं की तटावरून चालताना तो मधेच थांबतो आणि म्हणतो, "ऐकलंस? तुतारी." मी तिथे तिकीट खिडकीवर बसते, मला फक्त कबुतरं ऐकू येतात. पण खरं सांगते, कधीकधी त्याच्यामागून धुक्यात चालताना मलाही वाटतं, आता कोपऱ्यावरून अख्खा दरबार धावत येईल, पुढे राजा आणि त्याच्यामागे झारा उगारलेला आचारी. मग धुकं विरतं आणि समोर कचऱ्याचा डबा दिसतो.

लोक किल्ला बघायला येत नाहीत, सिनेमातल्या जागा बघायला येतात. मामा त्यांना दोन्ही दाखवतो, पण सरमिसळ होऊ देत नाही. "हा हौद खरा. राजा यातच पडला होता. पाणी गुडघाभर, पण ओरडला असा की जणू समुद्रात बुडतोय! हे धान्याचं कोठार खरं. इथलं सिंहासन मात्र खोटं, खाली खोकी होती." तो स्वतःही एका दृश्यात भाला धरून उभा आहे, पाठमोरा. "पाठ खरी आहे," असं न चुकता सांगतो.

फक्त एका ठिकाणी त्याची जीभ अडखळते. उत्तरेकडच्या भिंतीत कमानीचा एक बुटका दरवाजा आहे. सिनेमात राजा पळत येऊन हा दरवाजा ओढतो, तो उघडत नाही, आणि राजा त्यावर डोकं आपटून घेतो. येणारा प्रत्येक जण तिथे कपाळ टेकवून फोटो काढतो. तो दरवाजा उघडणार कसा? तो प्लास्टरचा आहे. मागे नुसती भिंत.

तो माझ्या मामीनं जुना केला. मामी घरं रंगवणाऱ्यांच्या टोळीत होती. एकदा ती मामाचा डबा घेऊन वर गेली, तर सिनेमाचा रंगारी तापानं फणफणलेला आणि दरवाजा पांढराफटक उभा. मामीनं पदर खोचला. चहाचं पाणी, काजळी आणि ओली माती घेऊन दोन दिवसांत तिनं त्या प्लास्टरला चारशे वर्षांचं करून टाकलं. "जन्मभर जुन्याला नवं करत आले," ती म्हणायची, "आणि नाव काढलं ते नव्याला जुनं करून!" कडेला, कमरेच्या उंचीवर, काजळी पुसताना उमटलेली तिची चार बोटं अजून दिसतात.

सिनेमावाले गेले तेव्हा काय काय पाडायचं त्याची यादी मामानं करून दिली. खोटा बुरूज, खोटं कारंजं, खोटा दरवाजा. मामाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कचेरीतल्या कारकुनानं 'खोटा'चा वाचला 'छोटा'. छोटा दरवाजा पाडायचा कसा, तो तर ऐतिहासिक! त्यानं तो पाडायच्या यादीतून काढून जपायच्या यादीत घातला. महिन्याभरात तिथे निळी पाटी लागली : 'छोटा दरवाजा. हात लावू नये.' मामा चूक सांगायला निघाला होता. मामीनं त्याला उंबऱ्यात अडवलं. "राहू दे ना. रंगवलेलं घर पुढच्या वर्षी दुसराच कुणी खरवडतो. माझं एवढं एक काम टिकू दे."

मामी जाऊन नऊ वर्षं झाली. मामा रोज सकाळी पहिल्यांदा तो दरवाजा कोरड्या फडक्यानं पुसतो, मग बाकीचा किल्ला.

यंदा खात्याच्या नव्या तपासनीस बाई आल्या. वयानं लहान, पण नजर घारीची. त्यांनी भिंतीला कान लावला, बोटानं टकटक केलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"किल्लेदार, या दरवाजामागे पाणी साठतंय. वरचे दगड सुटायला लागलेत. हा नंतरचा असेल तर काढून टाकू, भिंत वाळेल, वाचेल. पण नोंदीत तो मूळचा आहे. मूळचा असेल तर मला हात लावता येणार नाही. मग नुसता टेकू देऊन ठेवावं लागेल."

"टेकू किती वर्षं टिकेल?" मामानं विचारलं.

"दोन. फार तर तीन. मग भिंतच येईल खाली. तुम्ही सिनेमाच्या दिवसांपासून इथे आहात. कसा आहे हा, खरा की नाही?"

मी बाईंच्या मागे उभी होते. मी मामाला डोळ्यांनी सांगत होते, गप्प बस. तीन वर्षांनी तू निवृत्त होशील, मग पडू दे काय पडायचं ते. दगडांचं काय एवढं? किल्ल्याला भिंती पुष्कळ आहेत, मामीचं दुसरं काय उरलंय?

मामानं त्या चार बोटांकडे पाहिलं. मग वर, सुटलेल्या दगडांकडे.

"खोटा आहे," तो म्हणाला.

मला इतका राग आला की मी तोंड फिरवलं. हरिश्चंद्राचा अवतार! सगळ्या जगाला खरं-खोटं सांगून झालं, आता स्वतःच्या बायकोलाही सोडणार नाही.

बाईंनी वही उघडली. काढण्याआधी नोंद करावी लागते म्हणाल्या. लांबी, रुंदी, साल. 'कारागीर' या रकान्याशी आल्या आणि सवयीनं लिहायला लागल्या, 'अज्ञात'. किल्ल्यातल्या प्रत्येक दरवाजापुढे त्यांनी तेच लिहिलं होतं.

"थांबा," मामा म्हणाला. "माहीत आहे."

आणि त्यानं मामीचं नाव सांगितलं.

मी त्यांच्याच घरात वाढले. मामाच्या तोंडून मी 'अगं' ऐकलंय, 'ऐकतेस का' ऐकलंय, ती गेली त्या दिवशी 'ही गेली' ऐकलंय. तिचं नाव कधीच नाही. आता त्यानं ते पूर्ण घेतलं, आडनावासकट, बाईंना लिहिता यावं म्हणून एकेक अक्षर सुटं करून. बाईंनी 'अज्ञात' खोडलं, नाव लिहिलं आणि वही त्याच्याकडे वळवली.

"बरोबर आहे?"

मामानं ओळीवर बोट ठेवून ते वाचलं.

"बरोबर," तो म्हणाला, आणि हमसून हमसून रडायला लागला.