सर्व्हरची खांदमळणी

भोगेवाडीत महेबूब नालबंदाचं घर विचारलं की लोक उलट विचारतात, बापाकडं काम आहे की लेकीकडं? बैलाच्या खुराला नाल ठोकायची असेल तर बाप, आणि बैलाचा आजा-पणजा कोण हे काढायचं असेल तर लेक. देवणीच्या अलीकडचं हे गाव. इथं देवणी जातीचा बैल दारात नसेल तर पोराला मुलगी मिळायला वेळ लागतो, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण बैलाविषयी बोलताना इथला माणूस स्वतःच्या पोराविषयी बोलतो त्यापेक्षा जास्त खुलतो, हे मात्र कुणीही येऊन पाहावं.

लेकीचं नाव शबाना. नांदेडला मावशीकडं राहून ती कॉम्प्युटर शिकली. महेबूबभाईंना वाटलं होतं, आता पोरगी बँकेत लागेल, पंख्याखाली बसेल. पण शबाना गावात परतली आणि पशुपालक मंडळाच्या एका खोलीच्या ऑफिसात जी बसली ती बसलीच. पंखा तिथंही होता, फक्त तो फिरत नव्हता. कुणाच्या गोठ्यात वासरू झालं की ही स्कूटी काढून निघाली. वासराच्या कानात बिल्ला मारायचा, फोटो काढायचा, आई कोण, बाप कोण, पाठीवरचे ठिपके कसे, सगळं विचारायचं आणि ऑफिसात येऊन सर्व्हरमध्ये चढवायचं. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. तिचं हसणं वेशीपर्यंत ऐकू जातं अशी तिच्या आईची कायमची तक्रार.

सर्व्हर म्हणजे टेबलाखालची एक काळी पेटी. गाव तिला मशीन म्हणायचं. पूर्वी वंशावळी वह्यांत असायच्या, आणि त्यांतल्या निम्म्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. उरलेल्या वह्या आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी शबानानं त्या पेटीत भरल्या. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष श्रीमंतअण्णा हटून बसले होते. मशीन बंद पडलं तर काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. शबानानं भर बैठकीत शब्द दिला होता, मशीन गेलं तर जाईल, वंशावळ जाणार नाही. त्या शब्दावर गावानं वह्या लिहिणं सोडलं.

वंशावळीचं एवढं महत्त्व का, तर पोळ्यामुळं. भोगेवाडीत पोळ्याच्या संध्याकाळी मानाचा बैल तोरणाखाली आला की माइकवरून त्याच्या पिढ्या पुकारतात. आधी ज्यानंत्यानं स्वतःच्या बैलाच्या पिढ्या स्वतःच सांगायची पद्धत होती. मग काय विचारता, जो तो आपला बैल थेट महादेवाच्या नंदीपर्यंत नेऊन भिडवायचा. शेवटी मंडळानं नियम केला, मशीनमध्ये नोंद असेल तेवढंच पुकारायचं, एक नाव जास्त नाही.

यंदाचा मान धुरपताबाईंच्या दौलत या बैलाला होता. धुरपताबाई एकट्या शेती करणाऱ्या, कामाला वाघ, बोलायला मुक्या. दौलतची पणजी गौरी ही गाय त्यांच्या लग्नात माहेरहून आंदण आली होती. म्हणजे पिढ्या पुकारताना शेवटी त्यांच्या माहेरचं नाव वेशीत घुमणार होतं. या घरात आल्यापासून त्या गावाचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. त्यांनी शबानाला दोनदा येऊन विचारलं होतं, माहेरचं नाव बी लिवलंय ना पोरी?

आणि नेमकं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी श्रीमंतअण्णांना मशीनची माया आली.

त्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे दुखतात म्हणून त्यांना लोणी-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवसाचं आमंत्रण द्यायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ अण्णांनी घरच्या बैलांचे खांदे मळले. वाटीत कोमट लोणी उरलं. गोठ्यावरून घरी परतताना ऑफिसचं दार नुसतं लोटलेलं दिसलं, कारण शबाना दौलतचा नवा फोटो काढायला गेली होती. अण्णांच्या मनात आलं, सगळ्या गावच्या बैलांचं ओझं बारा महिने हे एकटं वाहतं, याच्या खांद्याला कोण हात लावतो? भला माणूस टेबलाखाली वाकला. पेटीच्या दोन्ही कडा त्यांनी हळदीच्या लोण्यानं मळल्या. पेटीवर कॉपीची एक लहान डिस्क जोडून ठेवलेली होती, तिलाही वासरू समजून मायेनं चोळलं. उरलेलं लोणी मुरू दे म्हणून वरच्या जाळीवर ओतलं आणि हात जोडून आवतण दिलं. आतून फट् असा आवाज आला आणि तळणाचा वास सुटला. अण्णांना वाटलं, आवतण पोचलं.

शबाना आली तेव्हा पेटीच्या जाळीतून पिवळा ओघळ येत होता. तिनं आधी वायर उपटली. डिस्क काढून पाहिली तर तिच्याही पोटात लोणी. तिला असा राग आला की समोर अण्णांऐवजी दुसरं कुणी असतं तर गावानं तिचा आवाज वेशीपर्यंत ऐकला असता. पण अण्णा दाराशी वाटी धरून उभे होते. काय झालं ते आता त्यांच्या ध्यानात आलं होतं आणि त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

“वंशावळ गेली का गं?” त्यांनी विचारलं.

“मशीन गेलं, अण्णा. वंशावळ न्हाई,” शबाना म्हणाली.

म्हणाली खरं, पण आतून तिचीच पाचावर धारण बसली होती. दर शनिवारी ती अख्ख्या सर्व्हरची कॉपी एका दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क घरी न्यायची. दोन्ही कॉप्या एका छपराखाली ठेवायच्या नाहीत हा तिचा नियम. मात्र त्या कॉपीवरून सर्व्हर पुन्हा उभा करून बघणं तिनं आजवर एकदाही केलं नव्हतं. वेळच आली नव्हती. कॉपी घेतली म्हणजे झालं, असं मानून ती निर्धास्त होती, आणि आता त्या निर्धास्तपणाची तिला चीड आली.

घरी डिस्क असायची अब्बांच्या नालांच्या पेटीत, कारण घरात कुलूप फक्त तिलाच होतं. शबानानं पेटी उघडली आणि बघतच राहिली. डिस्क गुंडाळलेल्या फडक्याला चिकटून एक गोल काळं चुंबक बसलं होतं. महेबूबभाईंनी सांडलेले खिळे गोळा केले होते आणि चुंबक हाताला लागेल तिथं ठेवून दिलं होतं. एकानं लोणी लावलं, दुसऱ्यानं चुंबक. गावातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं. एवढ्याशा चुंबकानं डिस्कला काही होत नाही, हे ती कॉलेजात शिकली होती. ते तिनं अब्बांना समजावलं, आईला समजावलं आणि स्वतःला तर किती वेळा समजावलं.

सकाळी नांदेडहून तिचा मावसभाऊ यासेर आला. त्याचं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान. आदल्या संध्याकाळीच फोन गेला होता. त्यानं दुकानातला एक बरा सर्व्हर सुतळीनं बांधला आणि पहिली एसटी पकडली. मुखेडला पोळ्याचा बाजार करून निघालेली माणसं गाडीत शिरली आणि यासेरच्या सर्व्हरवर झुली, घुंगरमाळा आणि रंगाचे डबे रचले गेले. उतरताना त्या पेटीला गुलाबी रंगाचा एक पट्टा लागलेला होता. यासेर म्हणाला, शिंगं रंगवायच्या आधी ह्यालाच रंगवून आणलंय.

शबानानं अशा वेळेसाठी एक पेनड्राइव्ह बनवून ठेवला होता. तो लावला की रिकामं मशीनही सुरू होतं आणि डिस्कवरची कॉपी वाचतं. डिस्क जोडली, तिच्या पोटात गुरगुर झाली आणि पडद्यावर शनिवारची तारीख उमटली. शबानाचा जीव अर्धा भांड्यात पडला. तिनं नव्या मशीनवर सगळं उतरवायला लावलं आणि हिरवी रेघ मुंगीच्या पावलानं पुढं सरकू लागली.

बाहेर गाव सजत होतं. शिंगांना बेगड लागत होती, पाठीवर झुली चढत होत्या. अण्णांनी मात्र बैल सजवायला पोरांना सांगितलं आणि स्वतः ऑफिसच्या पायरीवर येऊन बसले. आत यायला तयार नव्हते. हात मांडीखाली दाबून धरले होते, जणू परत कुठं माया करतील. महेबूबभाई शेजारी बसले. दोघं एकमेकांना धीर देत होते आणि दोघांपैकी कुणाकडंही द्यायला धीर शिल्लक नव्हता.

दुपार कलली तेव्हा रेघ शेवटाला पोचली. शबानानं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळा. पायरीवरून अण्णा तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. तिला वाटलं, उठावं आणि सांगून टाकावं की मी खोटा शब्द दिला होता.

यासेर हळूच म्हणाला, “घाई नको करू. मी बघून राहिलो. काळं दिसतंय, पण आधी जरा उजळून मगच काळं होतंय. म्हणजे सुरू व्हायला बघतंय.”

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कॉपी होती जुन्या मशीनची. सगळं नीट उतरलं होतं, पण जागं झाल्यावर ते स्वतःची जुनी डिस्क शोधत होतं आणि हे घर त्याच्या ओळखीचं नव्हतं. दुसऱ्या मशीनवर बसवायचं असेल तर त्याला नव्या घराची ओळख करून द्यावी लागते, आणि त्याची सोय तिच्याच पेनड्राइव्हमध्ये होती. तिनं तो पुन्हा लावला, नव्या मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळख करून देणारा प्रोग्रॅम, त्याला दिला आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला, थोडा थांबला आणि उजळला.

शबानानं पहिलं नाव टाकलं, दौलत. फोटो आला. नुकतं उभं राहायला शिकलेलं पांढरं वासरू, तोंडाच्या बाजूला काळे डाग, आणि मागं धुरपताबाईंचा हात. शबाना हसायला लागली ती थांबेना, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिला कळलंही नाही. हसणं वेशीपर्यंत गेलं. आई घरून धावत आली, पण आज तिनं तक्रार केली नाही. शनिवारनंतर जन्मलेल्या वासरांची नोंद तेवढी नव्हती. ती शबानानं दुसऱ्या दिवशी गोठ्यांत जाऊन नव्यानं केली.

संध्याकाळी वेशीत ढोल थांबले. दौलत तोरणाखाली आला, वेसण धुरपताबाईंच्या हाती. पिढ्या दरवर्षी अण्णा पुकारायचे. आज त्यांनी माइक हातात घेतला, दोन पावलं चालले आणि तो शबानाच्या हाती दिला. नालबंदाची पोर वेशीत माइकवर उभी राहील, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. होऊ नये असंही कुणी म्हटलं नव्हतं म्हणा.

“दौलत,” शबानानं पुकारलं. “बाप बादशाह. आई चांदी. आजी हौसा. पणजी गौरी, मुखेड तालुक्यातल्या रानवाडीची, धुरपताबाईंच्या आंदणातली.”

रानवाडी हे नाव भोंग्यातून निघालं आणि शिवारावरून फिरून आलं. धुरपताबाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही. त्या सगळ्यांदेखत हसल्या. गळ्यातली घुंगरमाळ वाजवत दौलत तोरणाखालून गेला आणि ढोल पुन्हा सुरू झाले.

दिवेलागणीला शबाना ऑफिस बंद करत होती, तेवढ्यात अण्णा पुरणपोळीचं ताट घेऊन आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“काल आवतण दिल्तं,” ते म्हणाले. “दिलेलं आवतण मोडू नये. पर ज्याला दिल्तं त्योच हाय का ह्यो?”

शबानानं गुलाबी पट्टा लागलेल्या पेटीकडं पाहिलं. “पेटी तेवढी नवी हाय, अण्णा. आतला त्योच हाय.”

अण्णांनी मान हलवली. त्यांना पुरतं पटलं होतं. “मग जेवू दे त्याला.”

“ते माझ्या तोंडानं जेवतं,” असं म्हणून शबानानं ताट पुढं ओढलं आणि अब्बांना, यासेरला हाक मारली. अण्णा समाधानानं आत आले आणि तुपाची वाटी घेऊन वाढायला वाकले. शबानानं आधी त्यांचा दंड धरून त्यांना मशीनपासून चांगलं लांब बसवलं, आणि मगच ताट पुढं केलं.