खाचेचा बिल्ला

शिनोलीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या साळुबाईला धरणातल्या नावेचे जुने पितळी बिल्ले नुसत्या बोटांनी ओळखता यायचे. नवरा जानकू नाव वल्हवायचा आणि ती पल्याडच्या काठावर उतारूंकडून बिल्ले गोळा करायची. बावीस वर्षं. पुढं रस्ता झाला, नाव बंद पडली, जानकूही गेला. बिल्ल्यांची पिशवी तेवढी राहिली.

राजुरीचे गोरख मास्तर त्या पिशवीपायी आले. "आत्या" म्हणत ओट्यावर बसले आणि दोन वर्षं दर गुरुवारी येत राहिले. साळुबाईनं हातचं काही राखलं नाही. पहिल्या खेपेच्या बिल्ल्यावर कोरलेलं वल्हं डावीकडं, दुसऱ्या खेपेला उजवीकडं. तिसऱ्या खेपेचा हाताला हलका, भोक जरा कडेला सरकलेलं. मास्तर वहीत उतरवून घेत. शेवटी "फोटो काढून आणतो" म्हणून त्यांनी पिशवीही नेली.

मग त्यांचं पुस्तक आलं. नात रोहिणीनं वाचून दाखवलं. वल्हं, भोक, सगळं होतं. साळुबाईचं नाव कुठंच नव्हतं. उलट लिहिलं होतं, 'याची जाण असलेलं गावात आता कुणी उरलेलं नाही.'

"पुन्ना वाच," साळुबाई म्हणाली.

रोहिणीनं वाचलं.

"म्हंजी मी मेले व्हय?"

आळे गावात मास्तरांचं व्याख्यान होतं. दोघी जाऊन मागं बसल्या. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काही बिल्ल्यांच्या कडेला खाच हाये, ती कशाची?" मास्तर अडखळले, झिजेची असावी म्हणाले. तेवढ्यात त्यांना साळुबाई दिसली. "आत्या, तुम्ही सांगा की."

दवाखान्यात निघालेल्या आजाऱ्यांकडून जानकू पैसे घेत नसे. त्यांच्यासाठी त्यानं कानशीनं खाच पाडलेले बिल्ले वेगळे ठेवले होते. साळुबाईच्या अगदी ओठांवर आलं. ती उठली.

"तुमच्या पुस्तकात न्हाई का, मास्तर? मंग कुनाला ठावं असंल."

ती पुढं गेली आणि तिनं टेबलावर मांडलेले आपले बिल्ले पदरात ओढून घेतले. कुणी अडवलं नाही.

एसटीत रोहिणी म्हणाली, "बरं केलंस, आजी." साळुबाईला बरं वाटत नव्हतं. चार माणसांत जानकूची चांगली गोष्ट सांगायची राहिली होती, तीही या माणसापायी.

पुढं मास्तरांचा फोन आला. नव्या आवृत्तीत नाव घालतो म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि फोन रोहिणीच्या हातात दिला. गुरुवारी दाराशी चपला वाजल्या की तिची मान मात्र अजून वर व्हायची, आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा.