लूममध्ये घडलेला आवाज

शेलार गावातल्या माझ्या जमिनीच्या दाव्यासाठी भिवंडीच्या कोर्टात जायचो, तेव्हा बाकावर शेजारी बहुतेक वेळा एक रॉक गायक असायचा. त्याने एका पुढाऱ्यावर गाणं म्हटलं, कार्यक्रमात खुर्च्या फुटल्या आणि दंगलीची केस त्याच्यावरच लागली. मांडीवरच्या फाइलवर त्याची बोटं गिटारवर फिरावीत तशी फिरायची.

"कापडाच्या चालू लूमच्या खडखडाटात गायला शिकलो, काका. हळू बोलताच येत न्हाय," तो म्हणायचा, आणि अख्खा व्हरांडा वळून बघायचा. जज्जसाहेबांनीही त्याला आवाजावरून दोनदा झापलं होतं.

तारखा पडत राहिल्या, वर्षं गेली. परवा शिपायाने दारातून त्याचं नाव पुकारलं, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. मी वळून पाहिलं. तो खाली मान घालून प्रत्येक वेळी "हजर" असं पुटपुटत होता.

शेवटी मीच उठून ओरडलो, "हाय, हजर हाय."