मोहाखालची मास्तरीण

नदीपलीकडच्या गावात गोळीबार झाला, तेव्हापासून तिकडची काही लेकरं आमच्या वसतिगृहात राहतात. मी त्यांचा स्वयंपाक करते. त्यांच्यासाठी तांदूळ, कपडे, पांघरुणं घेऊन एक भाऊ नागभीडहून येतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पोतं उतरवताना ते पोत्याशीच बोलतात, आणि माझ्या चुलीजवळ येताना चप्पल बाहेर काढतात.

त्यातली एक लहान पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. सकाळी भाऊ टोपली घेऊन अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली बसले आणि गळलेली फुलं पानकचऱ्यासकट भरू लागले. आधी झाडाखाली झाडून घ्यायचं असतं, हे आमच्याकडे लेकरांनाही ठाऊक असतं. पोरगी बघत होती. शेवटी ती उठली, टोपली उलटी केली आणि गोंडीत त्यांना रागावली.

"चुकलं माय, तूच शिकव मले," म्हणत भाऊंनी खराटा तिच्या हाती दिला.

नागभीडकडेही रानात मोह आहेच; तिकडच्या माणसाला मोह वेचता येत नाही, हे मला पटेना. मी चुलीवर भात चढवला.

टोपली भरल्यावर मी भाऊंना भात वाढायला गेले, तर म्हणाले, "मले काऊन? पह्यले आमच्या मास्तरीणबाईले वाढा."

तिनं हसत ताट पुढे केलं.