हलका हात

रक्तपेढीत तिला पाठीमागे सगळे ‘मिरची’ म्हणायचे आणि ते तिला ठाऊक होतं. सव्वीस वर्षं रक्त जुळवण्यात गेली. माणसांशी मात्र तिचं कधी जुळलं नाही. कामात तिला तोड नव्हती. दात्याच्या पेशी आणि रोग्याच्या रक्तातलं पाणी यंत्रात एकत्र फिरवून झालं, की ती नळी अलगद कलती करायची, झोपलेलं तान्हं कुशीवर वळवावं तशी. रोग्याच्या रक्तात त्या पेशींच्या विरोधात अँटिबॉडी असली तर तळाशी बारीक गोळे दिसतात. जोरात हलवलं की तेच गोळे फुटतात आणि सगळं छान जुळलंय असं वाटतं. शेजारच्या टेबलावरचा तंत्रज्ञ नळी औषधाच्या बाटलीसारखी हलवायचा. त्याला ती तोंडावर ‘तुफान’ म्हणायची.

“हात आहे की रवी? एक दिवस कुणाचा तरी जीव घेशील,” हे त्याला रोजचं ऐकावं लागे.

त्या सकाळी ऑपरेशनसाठी आलेल्या नमुन्यावर तिच्या धाकट्या जावेचं नाव होतं. अकरा वर्षं दोघींतून विस्तव जात नव्हता. सासूच्या आजारपणात जावेने चारचौघांत म्हटलं होतं, “हिच्या हातचं औषध देऊ नका, विष कालवेल.” ते शब्द मिरचीने एक दिवसही विसरू दिले नव्हते, स्वतःला तर नाहीच. जावेला दोन्ही बाळंतपणांत रक्त चढवलं होतं, म्हणजे परक्या रक्ताविरुद्ध अंगात अँटिबॉडी तयार झालेली असण्याचा धोका होता. चिठ्ठीवर त्याचा उल्लेख नव्हता. घरची म्हणून तिला तेवढं माहीत होतं.

तिने नळीकडे हात नेला आणि मागे घेतला. उद्या काही बिनसलं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार. शिवाय पोटात विषारी खुन्नस होतीच: माझा हात चालत नाही ना? मग घे दुसऱ्याचा.

“हे तू कर,” ती तुफानला म्हणाली.

“घरचं माणूस ना? तूच कर की.”

“सांगितलं तेवढं कर.”

बाळंतपणांबद्दल तिने तोंड उघडलं नाही. पाठ फिरवून ती दुसरे नमुने लावत बसली. नळी तळहातावर आपटल्याचा टकटक आवाज तिला नीट ऐकू आला.

“जुळतंय,” तुफान म्हणाला.

ऑपरेशनआधी वॉर्डात रक्त चढवताना पहिली पिशवी अर्धी झाली आणि जावेला हुडहुडी भरली. कंबर धरून ती किंचाळली, लघवी लाल झाली. उरलेला नमुना मिरचीकडे परत आला. तिने नळी अलगद कलती केली. तळाशी गोळे नवशिक्यालाही दिसावेत इतके स्पष्ट होते.

चौथ्या दिवशी जाऊ गेली.

दिराने पेढीत घुसून तुफानची गचांडी धरली. लोकांनी ओढून सोडवल्यावर तो तिच्याकडे वळला.

“वहिनी, तुमच्याबद्दल आम्ही नाही नाही ते बोललो. पण यात तुमचा काही दोष नाही, तुम्ही त्या नळीला हातसुद्धा लावला नाहीत.”

कॉलर सारखी करत तुफान तिच्याकडे बघत होता.

“नाही लावला,” ती म्हणाली.