फी-माफीचा सदरा

सर्व संबंधितांस या निवेदनाद्वारे गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, साठचं दशक उजाडता उजाडता अमरावतीच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात गरिबीचा भीषण तुटवडा निर्माण झाला होता. म्हणजे गरीब पुष्कळ होते. पण बघताक्षणी समोरच्याचं काळीज हलावं अशी, नजरेत भरणारी गरिबी सगळ्या वसतिगृहात मिळून एकच होती. ती माझ्या मालकीची होती आणि माझ्या खोलीत खुंटीवर टांगलेली असायची.

तो माझा सदरा. पांढऱ्या मांजरपाटाचा, वडिलांच्या जुन्या सदऱ्यातून कापून शिवलेला. कॉलर झिजली तेव्हा शिंप्यानं ती उसवून उलटी लावून दिली होती. उजव्या कोपरावर आईनं ठिगळ घातलं होतं. घरात त्या दिवशी पांढरी चिंधी सापडली नाही, म्हणून तिनं गादीच्या खोळीचा निळ्या पट्ट्यांचा तुकडा घेतला आणि इतके बारीक टाके घालून बसवला, की सदरा फाटला असता, ठिगळ फाटलं नसतं. कॉलेजच्या आवारात कुठूनही ते दिसायचं. मी हात वर केला की वर्गातल्या मुली तिकडे बघायच्या. बघण्याचं कारण काहीही असो, बघायच्या!

माझे वडील अकोल्याच्या बाजारात भाजी विकत. मला अमरावतीला धाडताना त्यांनी एकच अट घातली होती. "फी माफ झाली त शिक. नाही झाली त दिवाळीनंतर गाडीत बस अन् वांग्याच्या टोपल्यापाशी ये." यात धमकी नव्हती. हवामान सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं होतं. माझं सगळं कॉलेज, ते नाटकाचं मंडळ, वाचनालय, मेसमधली भांडणं, सगळं त्या एका माफीवर टांगलेलं होतं.

एका सकाळी काचेच्या फळ्यावर नियम लागले. आम्ही त्यांच्यावर तुटून पडलो. मी स्टुलावर उभा राहून राजाची दवंडी द्यावी तसे ते मोठ्यानं वाचले. अर्जदार मागच्या परीक्षेत पहिल्याच झटक्यात पास झालेला असावा. हजेरी पुरी असावी. वडिलांच्या उत्पन्नाचा तहसीलदाराच्या सहीचा दाखला जोडावा. इथपर्यंत सगळे शांत होते. मग शेवटचा नियम आला: अर्जदाराची राहणी साधी असावी, चैनीच्या वस्तू बाळगणाऱ्यास माफी मिळणार नाही, आणि हे समितीला पाहता यावं म्हणून प्रत्येकानं समक्ष हजर राहावं.

"म्हंजे आता दिसाले पायजे गरीब?" माझ्या शेजारच्या खोलीतला तिवस्याचा गडी म्हणाला. हा अंगानं भक्कम, गालानं त्याहून भक्कम. त्याच्या घरी संत्र्यांची मोठी बाग होती, पण सगळी आजोबांच्या नावावर. कागदावर त्याच्या बापाच्या मालकीचं एक झाडसुद्धा नव्हतं, त्यामुळे दाखला अगदी निष्कलंक मिळाला होता. फक्त त्याच्या अंगावर मुंबईच्या मामानं आणलेला टेरिलिनचा बुशशर्ट होता, आणि तो दाखल्याशी जुळत नव्हता.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कोपराकडे पाहिलं.

"तुया सदरा दे ना बे एक घंटा."

"अन् मी काय घालू?"

"माया टेरिलिन घाल ना! राजा दिसशीन."

आता खरं सांगतो, मी तिथेच विरघळलो. माझ्या कुठल्याही वस्तूला आजवर मागणी आली नव्हती. संध्याकाळपर्यंत आणखी दोघे आले. एक रिद्धपूरचा, बांबूसारखा उंच; दुसरा नांदगावचा, इतका किडकिडीत की जोराचा वारा सुटला की आम्ही त्याला आत बोलवायचो. मी एकदम भाव खाऊ लागलो. एकाकडून आलूबोंडे घेतले, दुसऱ्याकडून आठवडाभर सायकल. माझ्या गरिबीचं मी भाड्याचं दुकान मांडलं आणि रात्री सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्रीसुद्धा केली. ठिगळाला जरा जास्तच केली.

मुलाखतीच्या दिवशी ऑफिसच्या दारात कॉलेजचा म्हातारा चपराशी उभा होता. तो नाव पुकारायचा, मुलाला आत न्यायचा आणि मुलाखत संपेपर्यंत आतच भिंतीला टेकून उभा राहायचा. आमचे चारही नंबर दूरदूरचे होते, माझा सर्वांत शेवटचा. मध्ये दुसरी मुलं होती. आमची योजना साधी होती: आतून सुटलेल्यानं मागच्या दारानं सायकल-स्टँडवर धावत यायचं, सदरा उतरवायचा, पुढच्यानं चढवायचा.

पहिला तिवस्याचा. त्याच्या अंगावर सदरा चढवायला आम्ही दोघे लागलो. बटणं लागली, पण श्वास घ्यायचा नाही या अटीवर. दंड बाहीत असे ठासून बसले की ठिगळ वर सरकून पार खांद्याजवळ गेलं. तो बाहेर आला तेव्हा सदरा काखेत नव्यानं उसवला होता.

"चांगलं झालं," तो म्हणाला, "आनखी गरीब झाला सदरा."

मग रिद्धपूरचा. त्याच्या बाह्या कोपरापाशीच संपल्या आणि ठिगळ दंडावर बसलं. नांदगावच्याच्या अंगात तो सदरा गेला तेव्हा शेतातल्या बुजगावण्याची आठवण झाली. बाहीतून बोटंसुद्धा दिसत नव्हती आणि ठिगळ मनगटापाशी लोंबत होतं.

आणि मी? मी टेरिलिन घालून व्हरांड्यात उभा! फळ्याच्या काचेत स्वतःला डावीकडून पाहत होतो, उजवीकडून पाहत होतो, खिशाला दुसऱ्याचं पेन लावत होतो. एवढ्यात समितीचे अध्यक्ष पाणी प्यायला बाहेर आले. हे अर्थशास्त्राचे सर पुण्याहून आलेले, अत्यंत सभ्य, मुलांनाही 'अहो' म्हणणारे. माठाशी थांबून त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"काय हो, आपणही माफीसाठी आलात का?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी 'आपण' म्हणत होतं, तेही टेरिलिनमध्ये! मी छाती काढून म्हणालो, "छे छे सर, मी सहज उभा आहे."

ते आत गेले आणि दहा मिनिटांत माझं नाव पुकारलं गेलं.

सायकल-स्टँडवर मी टेरिलिन फेकला, नांदगावच्याच्या अंगातून सदरा ओढला, बटणं लावत धावलो. टेबलामागे अध्यक्ष मध्ये आणि दोन प्रोफेसर दोन बाजूंना. अध्यक्षांनी मान वर केली. त्यांची नजर आधी सदऱ्यावर गेली, मग माझ्या तोंडावर, आणि पुन्हा सदऱ्यावर.

"हा सदरा आज कितव्यांदा आत येतोय हो?"

माझ्या तोंडून खरं निसटलं. "चौथ्यांदा, सर."

"आणि मघाशी बाहेर सहज उभे होतात, ते आपणच ना?"

"हो सर."

"मग हा आहे कुणाचा?"

"माझा, सर."

"तो सगळ्यांचाच आहे," ते थंडपणे म्हणाले. "पहिल्यानं सांगितलं, ठिगळ माझ्या आईनं लावलं. दुसऱ्याच्याही आईनं लावलं. तिसऱ्याच्या तर आईच्या डोळ्यांत ते लावताना पाणी होतं. तिघींनी एकाच गादीचं कापड फाडलं का?"

बाजूच्या एका प्रोफेसरांनी खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडावर धरला. मला हसू आलं नाही. माझ्याकडे बोलायला एकच वाक्य होतं, माझ्या आईनं लावलं. आणि ते वाक्य आधीच तिघांनी वापरून झिजवलं होतं. माझाच सदरा, माझीच आई, आणि मीच चौथा लबाड! तिकडे अध्यक्षांनी माझा दाखला उचलून नाकारलेल्या कागदांच्या गठ्ठ्याकडे हात नेला. मला अकोल्याचा बाजार दिसला, पोतं अंथरलेलं दिसलं, आणि त्यावर वडिलांनी माझ्यासाठी थोडं सरकून केलेली जागासुद्धा दिसली.

इथे एक मिनिट थांबतो आणि पुढचं आधी सांगून टाकतो, कारण नंतर मला काही बोलायचं नाही. माझ्या अर्जावर 'पूर्ण माफी' असा शेरा पडला. बाकी तिघांना दुसऱ्या दिवशी आपापल्या कपड्यांत बोलावलं. रिद्धपूरच्याला पुरी माफी मिळाली, नांदगावच्याला अर्धी, आणि तिवस्याच्याला संत्र्यांचा भाव विचारून परत पाठवलं. तो रागावला नाही. हिवाळ्यात त्यानं मला टोपलीभर संत्री आणून दिली, आजोबांच्या नावावरची. तो शेरा मला नियमांनी मिळवून दिला नाही आणि दाखल्यानंही नाही. कुठल्याही कागदावर नसलेल्या एका बोलण्यानं मिळवून दिला.

तर मी उभा. अध्यक्षांचा हात गठ्ठ्यापाशी. घाम डोळ्यांत उतरला म्हणून मी तो पुसायला उजवा हात उचलला. कोपर वाकलं. सदऱ्याची बाही बरोबर मनगटाशी थांबली, खांद्याची शिवण खांद्यावर बसली, आणि निळ्या पट्ट्या कोपराच्या हाडावर गोल ताणल्या गेल्या. अध्यक्षांचा हात हवेतच राहिला. तेवढ्यात भिंतीला टेकून सकाळपासून गप्प उभा असलेला म्हातारा चपराशी, साहेबांपुढे बोलायचं नसतं हे विसरून, मोठ्यानं ओरडला:

"अहो सायेब, सकायपासून हे ठिगय साऱ्या हातभर फिरून राह्यलं होतं, ते आता कुठं कोपरावर आलं!"