लाल रेघेच्या वर

दवाखान्याच्या मावशींनी चोवीस वर्षं फरशी पुसली, बाटल्या धुतल्या आणि डॉक्टर नसले की लोकांची बोलणी खाल्ली. डॉक्टर बहुधा नसतच.

कॉलेजची मुलं मात्र दरवर्षी न चुकता आठवडाभर शिबिराला यायची. सोन्यासारखी पोरं. तुळईला काटा टांगायची, त्याच्या झोळीत एकेक लेकरू बसवायची. वजन वयाप्रमाणे आखलेल्या लाल रेघेखाली गेलं की सहा महिने सकस पिठाची पाकिटं मिळायची आणि शहरातल्या डॉक्टरांकडून तपासणी व्हायची.

गेल्या वर्षी मावशींची नात रेघेखाली गेली. पाकिटं मिळाली, पण लेकीच्या सासूने चारचौघांत तोंड सोडलं, "हिला एक पोर पोसता येत नाही!" ते मावशींच्या जिव्हारी लागलं. यंदा नात झोळीत बसली तेव्हा त्यांनी सावरल्यासारखं करून तिचा पाय हळूच खाली ओढला. पाकिटांचं काय, ती मागाहून मागून घेऊ, पोरं आपलीच आहेत, असा त्यांचा हिशोब. बाकीच्या आयाही काही कमी नव्हत्या. कुणी लेकराला तांब्याभर पाणी पाजून आणलं होतं, कुणी दोन-दोन स्वेटर चढवले होते.

"मावशी, यंदा तुमच्याकडे एकही मूल रेघेखाली नाही!" वजनं लिहिणारी मुलगी आनंदाने म्हणाली.

निघायच्या दिवशी मावशींनी तिला गाठलं. "बाई, नातीपुरती चार पाकिटं ठेवून जा ना."

"अहो, तिचं वजन तर छान आहे! पाकिटं यादीप्रमाणेच येतात, मावशी. पुढच्या गावात अकरा मुलं आहेत."

शेजारीच लेकीची सासू नातीचं कौतुक सांगत उभी होती. खरं सांगायच्या ऐवजी मावशी पोरांच्या पिशव्या उचलायला लागल्या. मुलं गेली. जाताना काटा दवाखान्याला भेट म्हणून तिथेच ठेवून गेली.

दोन महिन्यांनी लेक तापाने फणफणलेली पोर घेऊन आली. डॉक्टरांची खुर्ची रिकामी होती. काय करावं ते न सुचून मावशींनी नातीला झोळीत बसवलं. काटा रेघेच्या कितीतरी खाली थांबला. मावशींना रडू फुटलं, आणि त्यांचा हात आपसूक त्या काडीएवढ्या पायाकडे गेला.

"राहू दे गं आई," लेक म्हणाली. "आता बघायला कुणी नाही."